खसखशीएवढं वर्तुळ

नाणी पारखून त्यांना प्रत देणाऱ्या कचेरीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीने माझ्यापुढे चार पानी अर्ज ठेवला आणि तिसऱ्या रकान्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"आजी, इथे नाण्याची किंमत लिहा. तुमच्या मते जी असेल ती."

"किंमत कळावी म्हणून तर आणलंय."

"हो, पण फी त्यावरच ठरते ना."

मी चौतीस वर्षं लहान मुलांना शिकवलं. पण आधी उत्तर लिहा, मग आम्ही प्रश्न तपासू, असा पेपर मी कधी काढला नव्हता. मुलीने न कंटाळता समजावलं. नाणं स्वस्त असेल तर साधी फी आणि दीड-दोन महिने थांबायचं. महाग असेल तर विशेष फी, साधीच्या पाचपट. शिवाय नोंदणीचे वेगळे, नाणं ज्या पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात तिचे वेगळे, विम्याचे वेगळे.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणतात. कोंबडी मात्र प्रत्येकाची वेगळी असते."

मुलगी मला आवडली. मी रकान्यात लिहिता येईल तेवढा लहान आकडा लिहिला. तिने बजावलं, "हरवलं तर भरपाई तेवढीच मिळेल हं."

"हरवलं तर भरपाई घेऊन काय करू?"

शेवटी 'शेरा' असा रकाना होता. तो मी भरला, समासात शिरले, मग पान उलटं करून कडेकडेनेही लिहिलं. मुलीने ते वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर हलकेच खाली ठेवलं.

"हे वर जात नाही, आजी. वर फक्त नाणं जातं, आणि सोबत एक नंबर. कुणाचं, कुठून आलं, काही सांगत नाही आम्ही. तीन पारखी वेगवेगळे बघतात. पहिल्याने काय लिहिलं ते दुसऱ्यालाही कळत नाही."

"म्हणजे त्यांना गोष्ट कळणारच नाही?"

"गोष्ट नाही बघत ते. नाणं बघतात."

जिना उतरताना मनाला जरा लागलं होतं. रस्त्यावर येईपर्यंत मात्र वाटलं, हेच बरं. आमच्या घरात गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि नाणं नीट कुणी पाहिलं नव्हतं.

ती गोष्ट अशी. आमचे बाबा टांकसाळीत ठसेघरात कामाला होते. नव्या नाण्याचं चित्र ठरलं की आधी दहा-वीस नाणी चाचणीसाठी पाडत, साहेबमंडळी ती बघत आणि मग ती पुन्हा वितळवत. क्वचित एखाद्या कारागिरावर खूश होऊन मुख्य ठसेकार त्यातलं एक नाणं त्याला देत असे. देताना तो स्वतःच्या हाताने त्यावर खसखशीएवढं एक वर्तुळ ठोकायचा. तो तिथला रिवाज होता. वर्तुळ असेल तर नाणं दिलेलं, नसेल तर चोरलेलं.

बाबांकडे असं एक नाणं होतं. एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला आकडा. ते चित्र पुढे कधी चलनात आलंच नाही. काही वर्षांनी नवी यंत्रं आली आणि बारा जणांना घरी बसवलं, त्यात बाबा होते. गल्लीने बाराचा हिशेब कधीच केला नाही. या माणसाकडे बाजारात न चालणारं नाणं आहे आणि याची नोकरी गेली, एवढ्या दोन गोष्टी लोकांनी एकमेकींना चिकटवल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाबा कुणाशी भांडले नाहीत. एवढंच म्हणायचे, "ज्याला बघायचंय त्याने भिंग घ्यावं आणि झाडाच्या मुळाशी बघावं." मी सहा वर्षांची होते. मी भिंग घेतलं आणि मला ते वर्तुळ दिसलं. इतकं लहान आणि इतकं गोल, की माझ्या श्वासाची वाफ भिंगावर धरली आणि बाबांना ते पुसून द्यावं लागलं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याला 'चोराचा पोरगा' म्हणत. बाबांची नोकरी गेली म्हणून त्याची शाळा सुटली आणि चौदाव्या वर्षी तो छापखान्यात कागद उचलायला लागला. भिंगातून बघून तो म्हणाला होता, "काही नाहीये." त्यानंतर बाबा असेपर्यंत आणि बाबा गेल्यावरही त्याने हा विषय काढला नाही. त्याच्या भिंतीवर आईचा फोटो आहे, बाबांचा नाही.

गेल्या वर्षी दादाच्या नातीने शाळेच्या वहीत घरातल्या माणसांची माहिती लिहायला घेतली. "आजोबा, तुमचे बाबा काय करायचे?" दादा पेपर वाचत होता. "काही नाही," तो म्हणाला. पोरीने खरंच तसं लिहिलं. सुंदर अक्षरात, 'काही नाही.' त्या रात्री मी ठरवलं, नाणं पारखायला द्यायचं.

पण मला एक भीती होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. बाबांनी ते नाणं मला दिलं होतं आणि मी ते चौतीस वर्षं वर्गात वापरलं. मुलांनी नाण्यावर कागद ठेवायचा, शिसपेन आडवी धरून हळूहळू घासायची, आणि कोऱ्या कागदातून झाड वर यायचं. तुम्ही कधी हे सहा वर्षांच्या मुलाच्या शेजारी बसून पाहिलंय का? आधी खोड येतं, मग फांद्या. मूल गप्प होतं. मग कागद उचलून खाली बघतं, झाड कुठून आलं ते शोधायला. त्या एका क्षणासाठी मी वर्षातून चाळीस मुलांच्या हातात ते नाणं देत आले. आणि दर शनिवारी, शिसाचा काळा रंग जावा म्हणून, ते खोडरबराने घासून लख्ख करत आले.

निवृत्त झाल्यावर एकदा भिंग घेऊन बघितलं. झाडाच्या मुळाशी सपाट होतं. बाबांच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार होता, आणि तो मी पुसून टाकला होता.

अर्ज दिल्याचं दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "किती घेतले?"

मी आकडा सांगितला.

"वाहवा. माणूस जाऊन तीस वर्षं झाली तरी त्याचा खर्च काही संपत नाही."

"तुझ्याकडे मागितले का?"

"मागून बघ."

सहा आठवडे गेले. मग कचेरीतून पत्र आलं. निकाल असेल म्हणून मी ते खुर्चीत बसून, चष्मा पुसून उघडलं. आत बिल होतं. तुमच्या नाण्याची श्रेणी बदलून 'विशेष' करण्यात आली आहे, फीचा फरक भरावा, भरल्याशिवाय निकाल आणि नाणं मिळणार नाही. साधीच्या पाचपट फी. माझं अर्ध्या महिन्याचं निवृत्तिवेतन.

मी रागाने दादाला फोन केला. फार वर्षांनी तो खूश झालेला ऐकला.

"फसवलं तुला. मी येतो. पैसे देऊ नकोस, मी बोलतो त्यांच्याशी."

भांडण म्हटलं की दादाचे गुडघे दुखत नाहीत. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो कचेरीच्या दाराशी हजर होता, इस्त्रीचा शर्ट घालून. खिडकीवर तीच मुलगी होती.

"हे काय चालवलंय तुम्ही?" दादाने बिल काचेखालून सरकवलं. "एकदा पैसे घेतले, पावती दिली. आता नाणं अडकवून ठेवून पाचपट मागता? ही कुठली रीत?"

"आजोबा, अर्जाच्या मागे सातवा नियम आहे."

"नियम तुमचे, अर्ज तुमचा, मागची बाजूही तुमचीच."

"सही आजींची आहे," मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही. तिने माझा अर्ज काढला आणि उलटा करून ठेवला. माझ्या कडेकडेच्या लिखाणाखाली बारीक अक्षरांत नियम छापले होते. प्रश्न नीट वाचा, मग लिहा, असं मी आयुष्यभर सांगत आले, आणि इथे नियमांवरूनच लिहीत गेले होते.

दादाने चष्मा लावला. तो छापखान्यात पन्नास वर्षं राहिला, शेवटी मुद्रितं तपासायचा. अजूनही तो ओळीखाली बोट ठेवून वाचतो.

"'तपासणीअंती नाण्याचं बाजारमूल्य अर्जदाराने निवडलेल्या श्रेणीच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यास...'"

तो थांबला. बोट तिथेच राहिलं.

"जास्त आढळल्यास," तो पुन्हा म्हणाला. "म्हणजे जास्त निघालंय?"

"निकाल मला माहीत नाही, आजोबा. माहीत असता तरी सांगता आला नसता. पैसे मात्र जास्त मागितलेत."

आम्ही दोघं भिंतीकडेच्या बाकावर बसलो. मी लिहिलेली गोष्ट न वाचता, आमचं नाव न ऐकता, वरच्या मजल्यावर तीन अनोळखी माणसांनी त्या झिजलेल्या चकतीकडे बघून म्हटलं होतं की हे साधं नाही. मला वाटलं, दादालाही तेच वाटत असेल.

"फार आनंदू नकोस," तो म्हणाला. "किंमत मोठी निघाली म्हणजे चोरी मोठी निघाली, एवढंच."

त्याचं बरोबर होतं. चाचणीचं नाणं दुर्मीळ असणारच. प्रश्न तो नव्हताच.

मी पाकीट उघडून मोजायला लागले. अर्धेच होते. दादाने माझ्याकडे बघितलं नाही. शर्टाच्या आतल्या खिशातून रबर लावलेली नोटांची घडी काढली, उठला आणि खिडकीकडे गेला.

"घ्या. बघू तरी काय दिवे लावलेत."

मुलीने पैसे मोजले, पावती फाडली आणि म्हणाली, "विशेष श्रेणीत एक सोय आहे. नाणं डबीत बंद करण्याआधी मालकाला दहा मिनिटं पारख्यांबरोबर बघता येतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"आश्चर्य आहे," दादा म्हणाला.

वरची खोली लहान होती. पडदे ओढलेले, टेबलावर काळं कापड, त्यावर दोन डोळ्यांनी बघायचं मोठं सूक्ष्मदर्शक आणि लवचिक मानेचा एक दिवा. पारखी पस्तिशीची बाई होती. नखं मुळापर्यंत कापलेली. तिने निकालाचा कागद आमच्यापुढे ठेवला, पण मी तो वाचायच्या आत तिनेच विचारलं, "एक सांगाल का? आमच्या तिघांत यावर पैज लागलीय. फांद्यांच्या खाचांत सगळीकडे शिसं आहे, पेन्सिलीचं. आणि पृष्ठभागावर हजारो बारीक रेषा आहेत, सगळ्या डावीकडून उजवीकडे. हे नाणं कशाने पुसत होतात?"

"खोडरबराने," मी म्हटलं. "फळा पुसतात तसं."

मग मी सगळं सांगितलं. मुलं, कागद, शनिवार. ती ऐकत राहिली.

"तरीच," ती म्हणाली. "इतकं सारखं झिजलेलं नाणं मी पाहिलं नव्हतं. खिशात झिजतं ते वेडंवाकडं झिजतं. हे जसं कुणी मुद्दाम, प्रेमाने झिजवलंय." मग जरा ओशाळून म्हणाली, "प्रत मात्र कमी द्यावी लागली. सत्तरपैकी चार."

सत्तरपैकी चार. माझ्या वर्गात कुणाला एवढे मिळाले असते तर मी पालकांना बोलावलं असतं.

"आणि वर्तुळ?" मी विचारलं.

तिने खुर्ची मागे घेतली. "बघा."

मी डोळे लावले. आधी नुसता उजेड होता. मग तिने चक्र फिरवलं आणि माझ्यासमोर एक देश उभा राहिला. मी ते नाणं इतक्या वर्षांत हजारो वेळा हातात घेतलं होतं आणि तिथे कधी गेले नव्हते. करडी पठारं, त्यांच्यावरून वाहत गेलेल्या बारीक ओहोळांसारख्या रेषा. त्या माझ्या रेषा होत्या, माझे शनिवार. झाडाचं खोड टेकडीसारखं. खाचांमध्ये काळं शिसं, गाळासारखं साचलेलं. किती मुलांचं असेल ते. कुणी आता स्वतः आजी-आजोबा झालं असेल. मुळाशी मात्र सपाट मैदान होतं. तिथे काहीच नव्हतं.

"सपाट आहे," मी म्हटलं.

"हो. आता डोळे काढू नका." तिने दिव्याची मान वाकवली, इतकी खाली की उजेड नाण्याला जवळजवळ आडवा लागला. संध्याकाळी मैदानावर लांब सावल्या पडतात ना, तसं झालं. आणि त्या सपाटीवर, मुळाच्या अगदी शेजारी, एक वर्तुळ उठून आलं. पूर्ण, गोल. सावलीचं वर्तुळ.

मी किती वेळ बघत होते मला माहीत नाही. कागदाखालून झाड वर येताना मुलं जशी गप्प व्हायची, तशी मी गप्प झाले होते. साठ वर्षांनी माझी पाळी आली होती.

"ठसा मारला की तिथला धातू दबतो," पारखी सांगत होती. "आणि दबलेला धातू कठीण होतो. आजूबाजूचं सगळं झिजलं तरी तो जरासा मागे राहतो. केसाच्या जाडीहूनही कमी. आम्ही तिघांनी वेगवेगळं बघितलं, तिघांनीही तेच लिहिलं. त्या टांकसाळीची देणगीची खूण आहे ही. आमच्या पुस्तकात नोंद आहे."

मी उठले. दादा भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात पाठीमागे.

"ये ना," मी म्हटलं.

"तू बघितलंस ना. झालं."

"दादा, पैसे तू भरलेत."

तो आला. चष्मा काढून खिशात ठेवला, वाकला आणि डोळा लावला.

"दोन्ही डोळे उघडे ठेवा, आजोबा," पारखी म्हणाली. "एक मिटलात तर उंच-सखल कळत नाही."

दादा तसाच वाकलेला राहिला. खोलीत दिव्याची बारीक गुणगुण होती. मला वाटलं त्याला दिसत नाहीये, म्हणून मी चक्राकडे हात नेला. पारखीने मानेनेच नको म्हटलं.

"तेव्हा मी मिटला होता," दादा म्हणाला.

"काय?"

"डोळा. बाबांनी भिंग दिलं तेव्हा. लावल्यासारखं केलं आणि आतल्या आत मिटला. म्हटलं, काही नाहीये." तो अजून सूक्ष्मदर्शकातच बघत होता, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. "त्यांना कळलं होतं. त्यांनी भिंग पुसलं, मला वाटतं मुद्दामच, आणि म्हणाले, पुन्हा केव्हा तरी बघ."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इस्त्रीचा शर्ट गरम लागत होता.

"दिवा जरा वर करा," थोड्या वेळाने तो पारखीला म्हणाला. तिने केला. वर्तुळ गेलं असणार. "आता खाली." तिने केला. "पुन्हा वर." असं त्याने चारदा करायला लावलं. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. त्या बाईने घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

खाली आलो तेव्हा खिडकीवरच्या मुलीने डबीवर लागणाऱ्या चिठ्ठीचा नमुना दाखवला. 'चाचणीचं नाणं. देणगीची खूण आहे. प्रत चार.'

दादाने ते बोट ठेवून वाचलं. "कुणाला दिलं ते नाही लिहिलं?"

"नाव घालता येतं. पण त्याचे वेगळे लागतात."

"वाटलंच," दादा म्हणाला आणि पुन्हा आतल्या खिशात हात घातला. "किती?"

तिने सांगितलं. त्याने मोजून ठेवले.

"अठरा अक्षरंच बसतील हं, आजोबा. पूर्ण नाव बसलं नाही तर आडनाव टाकू का?"

"आडनाव नको. आडनाव माझंही आहे. त्यांचं नाव टाका. आणि पुढे 'ठसेघर' लिहा." त्याने बाबांचं नाव सांगितलं. मी त्याच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. त्याने ते सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि मुलीने टाइप केलेलं पडद्यावर वाकून तपासलं. एका वेलांटीवर त्याने बोट ठेवलं. ती ऱ्हस्व पडली होती. मुलीने दुरुस्त केली.

"नवी चिठ्ठी छापून डबी बंद व्हायला पंधरा दिवस लागतील."

"लागू देत. मी येईन न्यायला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरीला घेऊन येतो. वहीत चुकीचं लिहून बसलीय ती."

"घेऊन ये."

मला वाटलं, आता निघायचं. मी छत्री उचलली. पण दादा बाकावर जाऊन बसला होता. माझा अर्ज त्याने मुलीकडून मागून घेतला होता. नियमांची नव्हे, दुसरी बाजू, जिथे मी शेऱ्याच्या रकान्यात बाबांची गोष्ट लिहिली होती, समासात शिरून. त्याने चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागला.

मी छत्री खाली ठेवली. वाचणाऱ्याला मध्येच उठवायचं नसतं.